कौतिक मिस्त्रीची काटकसर

लोधीपुऱ्यात कौतिक मिस्त्रीचं नाव निघालं की लोक आधी हसत आणि मग मान डोलवत. हसत त्याच्या चिक्कूपणाला, मान डोलवत त्याच्या कसबाला. मोतीलाल शेठच्या जिनात सरकी काढायचे रेचे ज्या तेलाच्या इंजनावर चालत, ते इंजन कौतिकच्या ताब्यात होतं. बऱ्हाणपुरातल्या दुसऱ्या कुठल्याही जिनात जेवढ्या तेलात एक दिवस निघे, तेवढ्यात कौतिक दीड दिवस काढी. शेठ व्यापाऱ्यांना मुद्दाम इंजनघरात आणून दाखवत आणि म्हणत, "हे पाहा, आमचं इंजन हवेवर चालतं!" कौतिक तेव्हा खाली बघून हात पुसत राही. पण त्या दिवशी घरी जाताना त्याची चाल वेगळी असे.

त्याची रीत सगळ्या मिस्त्र्यांचीच होती, फक्त तो ती जास्त निर्दयपणे चालवी. तेलाची चावी हळूहळू आवळत न्यायची. तेल कमी पडलं की इंजन खोकतं. खोकलं की थांबायचं आणि चावी जराशी सैल करायची. याला ते लोक 'खोकवून चालवणं' म्हणत. बाकीचे मिस्त्री इंजनाची तक्रार ऐकून चांगला अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, चावी सोडत. कौतिक एवढीच सोडी की खोकला थांबावा आणि भूक राहावी. भुकेलं इंजन चांगलं चालतं, असं त्याचं ठाम मत होतं. माणसांबद्दलही त्याचं तेच मत होतं, आणि खरं दुखणं तिथे होतं.

त्याची बायको गोदाबाई तापाने आजारी पडली तेव्हा वैद्याने दूध सांगितलं. कौतिकने दूध आणलं, त्यात निम्मं पाणी घातलं, आणि ते तिला असं पाजलं की बघणाऱ्याला वाटावं, केवढी माया! ती गेली. लोक म्हणाले तापाने गेली. तापानेही गेली असेल.

मागे राहिला शालिग्राम, एकुलता एक. बापाने त्याला जिनात आपल्या हाताखाली घेतलं आणि घरीही हाताखालीच ठेवलं. पोराचा हात फार चांगला होता. पितळेचा तुकडा त्याच्या हातात दिला तर तो बोलका होई. शालिग्राम स्वतः मात्र बोलत नसे. वाढत्या वयात पोटभर न जेवल्यामुळे तो काडीसारखा राहिला, आणि बापासमोर तोंड उघडायची ताकद त्याच्यात कधी आलीच नाही. रावेरच्या बाजूची कमल त्याला केली. ती मात्र धडधाकट, हसऱ्या तोंडाची, केळीच्या बागांत वाढलेली. वर्षभरात तिचंही हसू आटलं.

कमलला दिवस गेले, आणि खाण्यावरून त्या घरात रोज एक मुकी लढाई सुरू झाली. पिठाच्या डब्याला कुलूप, गुळाच्या मडक्याला कुलूप, दोन्ही किल्ल्या कौतिकच्या करगोट्याला. एकदा तिने गुळाचा खडा लुगड्याच्या गाठीत लपवलेला त्याला दिसला. त्याने आवाज चढवला नाही. हात पुढे केला, खडा घेतला, मडक्यात परत टाकला आणि समजावून सांगितलं, "सूनबाई, पोटातलं लेकरू फार पोसलं तर बाळंतपण जड जातं. तुह्या भल्याचं सांगतो."

शालिग्राम हे ओसरीत बसून ऐकत होता. त्याला या सगळ्यातून सुटायची एकच वाट दिसत होती. मोतीलाल शेठ रावेरला नवा जिन बांधत होते. तिथल्या इंजनावर मिस्त्री म्हणून आपली नेमणूक झाली, तर कमलला घेऊन तिकडे बिऱ्हाड करायचं, तिचं बाळंतपण तिच्या माहेरच्या भागात, पोटभर जेवून व्हायचं. नेमणूक शेठच्या हातात होती आणि शेठचा कान कौतिकच्या हातात. म्हणजे सुटायचं तेही बापाच्याच परवानगीने.

पहिली मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. लढाईतली उरलेली विमानं सरकारने मोडीच्या भावात काढली होती, आणि नोकरी सुटलेले गोरे वैमानिक ती घेऊन गावोगाव फिरत, लोकांना पैसे घेऊन वर नेत. असाच एक हॅलम साहेब खांडव्याहून उडत आला आणि लालबागेकडच्या माळावर उतरला. अख्खं शहर शनवारा दरवाजातून बाहेर लोटलं. बायाबापड्यांनी त्या हवाई जहाजाला हळदकुंकू लावलं. साहेबाने लावू दिलं.

साहेबाचा मिस्त्री हिवतापाने खांडव्यालाच पडला होता. म्हणून शेठनी कौतिक आणि शालिग्राम यांना मदतीला पाठवलं. कौतिकने ते इंजन पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. नऊ सिलिंडरं चक्राच्या आऱ्यांसारखी गोल लावलेली, आणि सुरू झालं की ती नऊच्या नऊ, पुढच्या पंख्यासकट गरगर फिरायची. मधला दांडा तेवढा जागचा हलायचा नाही. जिनातलं इंजन एका जागी बसून चाक फिरवतं. हे स्वतःच चाक झालं होतं! पण कौतिकचा जीव त्यासाठी कळवळला नाही. हे इंजन वंगणाला एरंडेल पीत होतं, आणि प्यालेलं सगळं एरंडेल जळक्या धुरासकट बाहेर थुंकत होतं. एक थेंब परत येत नव्हता. साहेबाचा कोट, चष्मा, मिशा, सगळं एरंडेलाने न्हालेलं. ते तेल नाकातोंडात जाऊन साहेबाचं पोट कायम बिघडलेलं असे, आणि माळावरची पोरं त्यावर हसून लोळत. वर पेट्रोलही ते इंजन घटाघटा पिई. "हे इंजन नाही, हा जावई आहे," असं कौतिक चिडून म्हणाला.

साहेबाने पंखा बंद झाल्यावर शालिग्रामला ते सारं समजावून दिलं. हिंदुस्थानी त्याला तोडकंमोडकं येत होतं. वरच्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, पितळी तोटीतून इंजनाच्या पोटात जातं, तिथे हवेत मिसळतं, आणि पोटातून नऊ तांब्याच्या नळ्यांनी नऊ सिलिंडरांत पोचतं; प्रत्येक सिलिंडराला ते आत घ्यायचं एक उघडझाप करणारं दार. बसायच्या जागेजवळ एक दांडी होती. तिने पेट्रोल कमीजास्त करता येई. साहेब बोटाने दांडी मागे ओढून म्हणाला, "थोडा पतला करो, पेट्रोल बचता है. अच्छा है. बहुत पतला करो, तो धीरे जलता है. अगला दरवाजा खुलता है, अंदर अभी आग है. आग पीछे आता है, पेट में. पेट में सबका खाना है. खतम."

शालिग्रामला ते पटकन समजलं. कौतिक मागे उभा होता, त्यालाही समजलं. पण लाडावलेल्या माणसाच्या भीतीला किती किंमत द्यायची, हे कौतिकने आयुष्यभर आधीच ठरवून टाकलेलं होतं.

आता शेठची हौस मध्ये आली. कापसाचा हंगाम तोंडावर होता. शेठनी हजारो पत्रकं छापून घेतली होती, 'कापूस आणा मोतीलालच्या जिनात', आणि ती त्यांना आकाशातून टाकायची होती. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, आणि शेवटी चोपडा. चोपडा महत्त्वाचं. तिथे शेठचा हाडवैरी व्यापारी बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर पत्रकं पडली पाहिजेत हा शेठचा हट्ट होता. साहेबाने नकाशावर बोट ठेवून यावलला रेघ मारली. दोन टाक्यांपैकी खालची मोठी फुटकी होती, बंद केलेली. डोक्यावरच्या लहान टाकीत यावलला जाऊन परत येण्याइतकंच पेट्रोल मावत होतं. चोपड्याला जायचं तर यावलला आधी गाडीने डबे पाठवा, तिथे उतरून भरू, असं तो म्हणाला.

शेठना ते रुचलं नाही. त्यांनी कौतिकला बाजूला घेतलं. "मिस्त्री, बैलगाडीसारखं थांबत थांबत जाणारं हवाई जहाज? लोक हसतील माझ्यावर. मला चोपडा पाहिजे. एका दमात."

कौतिक म्हणाला, "व्हईल, शेठ."

"साहेब ऐकत नाही ना."

"साहेबाले सांगायचं कायले? यावलवर पोचला अन् टाकीच्या काचेत पाहिलं का ती अर्ध्याच्या वर भरेल आहे, तर आपसूक पुढे जाईल. शालिग्राम पुढच्या जागेवर पत्रकं टाकाले बसणार आहे. तो बोट दाखवीन चोपड्याकडे." मग घरात येणाऱ्या दुसऱ्या पगाराचा हिशेब करून तो म्हणाला, "शेठ, रावेरच्या इंजनाचं मात्र पोराच्या नावानं पक्कं करा."

शेठनी पक्कं केलं. तिथल्या तिथे, हातावर हात मारून.

बऱ्हाणपूर हे जरीचं गाव. तिथले तारकस सोन्या-रुप्याची तार केसाहून बारीक ओढतात, आणि त्यासाठी पोलादाच्या पट्टीला इतकी बारीक भोकं पाडतात की नव्या माणसाला ती दिसतसुद्धा नाहीत. कौतिकने साहेबाच्या तोटीसारखी हुबेहूब पितळी तोटी शालिग्रामकडून घरीच करून घेतली, आणि तिचं भोक सिंधीपुऱ्यातल्या एका तारकसाकडून पाडून आणलं. मूळच्या भोकापेक्षा थोडंसंच बारीक. शालिग्राम ती तोटी घासत बसला होता तेव्हा कमलने विचारलं, हे काय? त्याने तिला सगळं सांगितलं, साहेबाचं बोलणंही. तिने हातातलं काम टाकलं.

"मग नका बसवू ना," ती म्हणाली.

"रावेर मिळेल," शालिग्राम म्हणाला. तिच्या पोटात भूक होती आणि त्याच्या पोटात भीती, आणि त्या दिवशी भुकेचं म्हणणं जास्त खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आंघोळीला डाकबंगल्यावर गेला तेवढ्यात बापाने लेकाकडून तोटी बदलून घेतली. दुपारी साहेबाने इंजन चालवून पाहिलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. दांडी नेहमीपेक्षा जरा पुढे न्यावी लागली खरी, पण इंजन असं गोड फिरलं की साहेबाने शालिग्रामच्या पाठीवर थाप मारली. कौतिकने मान खाली घालून हात पुसले. त्याचं कान लावून बसलेलं सगळं आयुष्य त्याला सांगत होतं, भूक बरोबर जमली आहे.

पण त्या आयुष्याला एक गोष्ट ठाऊकच नव्हती. जिनातल्या इंजनाचं तेल उंचावरच्या पिंपातून येई, आणि ते पिंप रिकामं होऊ द्यायचं नाही हा जिनाचा जुना शिरस्ता. एक हमाल सारखा शिडीवर चढून ते भरत असे. त्यामुळे कौतिकच्या चावीवर तेलाचा भार सकाळ-संध्याकाळ सारखाच. भरल्या पिंपाखाली जी धार पडते ती तळ दिसत आलेल्या पिंपाखाली पडत नाही, हे पाणी भरणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. कौतिकला त्याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. शिवाय जिनात चावीपाशी त्याचा हात असे. वर आभाळात टाकी भरायला हमाल नव्हता, आणि चावीच त्याने बारीक करून ठेवली होती.

सकाळी माळावर जत्रा भरली. शेठनी ताशेवाले आणले होते. पत्रकांचे गठ्ठे पुढच्या जागेत भरले आणि त्यांच्यात शालिग्राम बसला. साहेबाने चढायच्या आधी इंजनाभोवती एक फेरी मारली. मग तो शालिग्रामजवळ आला. आदल्या दिवशीची ती पुढे न्यावी लागलेली दांडी त्याच्या मनात घर करून असावी.

"कुछ बदला? किसीने हाथ लगाया?"

शालिग्रामने साहेबाकडे पाहिलं नाही. त्याने गर्दीत उभ्या बापाकडे पाहिलं. कौतिक पंख्याच्या बाजूला उभा होता, आणि त्याने लेकाच्या नजरेला नजर दिली. ती नजर पिठाच्या डब्यापुढची होती. ती शालिग्रामला बाळपणापासून ओळखीची. एका शब्दात सगळं थांबलं असतं. माणसाला असा शब्द एरवी सहज सुचतो, पण ज्याचं तोंड लहानपणीच बांधलेलं असतं त्याचं काय करायचं?

"नहीं साहेब," शालिग्राम म्हणाला.

ते उडाले. तापीवरून वळले आणि पश्चिमेला दिसेनासे झाले. लोक माळावरच बसून राहिले, शेव-मुरमुरे खात, आकाशाकडे बघत. रावेरहून तारेने बातमी आली, पत्रकं पडली. सावद्याहून आली. मग बऱ्याच वेळाने चोपड्याहून आली, आणि शेठनी डोक्यावरची पगडी काढून हवेत उडवली. कौतिकच्या भोवती लोक जमले. कुणी त्याला पेढा भरवला. त्याने तो तोंडातल्या तोंडात बराच वेळ पुरवून खाल्ला.

ऊन चढल्यावर पश्चिमेकडून आवाज आला. सगळे उठून उभे राहिले. विमान तापीच्या वर आलं, उंच, उजळ, आणि हळूहळू खाली यायला लागलं. आणि तेव्हा ते खोकलं.

कौतिकला आधी बरं वाटलं! हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. खोकला म्हणजे काटकसर बरोबर मापात आहे, अशी त्याच्या कानाला सवय होती. मग ते पुन्हा खोकलं, आणि पुन्हा, आणि मधल्या जागा लहान होत गेल्या. साहेबाने दांडी पार पुढे लोटली असणार. पुढे द्यायला तोटीत काही नव्हतं. टाकीचा तळ लागत आला होता आणि त्या बारीक भोकातून आता नुसता झिरपा येत होता. कौतिकचा उजवा हात वर गेला आणि हवेतच चावी सोडल्यासारखा फिरू लागला. "सोड, सोड, अर्धा आटा सोड," तो पुटपुटत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो अर्धा आटा द्यायला तयार झाला होता.

इंजनाच्या तोंडाशी केशरी झाक दिसली. मग धूर. साहेबाने विमान एका कुशीवर घालून तिरपं खाली आणलं, ज्वाळा बाजूला राहाव्यात म्हणून. त्याने शेवटपर्यंत हात सोडला नाही, एवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे. राजघाटाच्या वरच्या अंगाला वाळूत ते आपटलं. साहेब जागीच गेला. शालिग्राम पेटलेल्या पत्रकांसकट उथळ पाण्यात फेकला गेला, आणि कोळ्यांनी त्याला ओढून काढला तेव्हा तो जिवंत होता. ते त्याचं नशीब नव्हतं.

त्याला जिनाच्या वखारीत आणून कापसावर निजवला. अंगभर तेल लावलं. डॉक्टरने बघितलं आणि संध्याकाळ सांगितली. गोरा माणूस मेला होता, त्यामुळे फौजदार तहसीलदाराला घेऊन लगेच आला. त्याच्या रुमालात ती तोटी होती. साहेबाच्या पेटीत सुटी तोटी सापडली होती, तिच्या भोकात नि हिच्या भोकात फरक होता. फौजदार गुडघ्यावर बसला आणि त्याने स्पष्ट विचारलं, "ही कोणी बसवली?"

वखारीत शेठ उभे होते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. कमल दाराला टेकून उभी होती, दोन्ही हात पोटावर. कौतिक लेकाच्या उशाशी बसला होता. शालिग्रामच्या पापण्या जळलेल्या होत्या, पण डोळे उघडे होते, आणि ते बापाकडे वळले. तो वाट बघत होता. सगळ्यांना दिसत होतं की तो वाट बघतो आहे. कशाची, ते बाप, बायको आणि शेठ या तिघांनाच ठाऊक होतं.

कौतिकच्या डोक्यात हिशेब तयार होता. असले हिशेब त्याला झोपेतही येत. पोरगा संध्याकाळपर्यंत आहे. मी तुरुंगात गेलो तर सून उपाशी, पोटातलं लेकरू उपाशी. जाणाऱ्याच्या अंगावर गेलं तर कुणाचं काही उणं होत नाही. त्याने ओठ आवळले आणि लेकाच्या केसांवरून हात फिरवला.

शालिग्रामने आणखी थोडी वाट बघितली. मग म्हणाला, "मी बसवली. आबांले माहीत नव्हतं."

फौजदाराने लिहून घेतलं. कौतिकने मान वर केली तेव्हा त्याची नजर सुनेच्या नजरेला भिडली. तिने खाली पाहिलं. दिवे लागायच्या सुमारास शालिग्राम गेला.

रावेरचं इंजन शेठनी कौतिकलाच देऊ केलं. त्याने नाही म्हटलं. बऱ्हाणपूर सोडवत नाही, म्हणाला. पगार मात्र वाढवून घेतला. कमलला मुलगी झाली, तिचं नाव मंगला ठेवलं. आणि मग एक नवल झालं. मंगलाच्या ताटात कौतिकने कधी हात आखडता घेतला नाही. तिच्यासाठी दूध आलं, निर्भेळ. गुळाचं मडकं तिच्यासाठी उघडं राहिलं. संध्याकाळी जिनातून येताना तो तिच्यासाठी मावा जिलेबी आणी आणि ती खाताना नुसता बघत बसे. गल्लीतल्या बायका म्हणत, म्हातारा सुधारला. म्हातारा सुधारला नव्हता. त्याला जगात एक माणूस असं हवं होतं की ज्याने त्याच्याकडे शालिग्रामसारखं बघू नये.

सुरुवातीला विमानाचा विषय निघाला की तो उठून जाई. मग बसून राहू लागला. मग कुणी नवा मिस्त्री जिनात आला की स्वतःच सांगू लागला: "आमचा शालिग्राम! हात चांगला, पण घाई फार. मोठ्यांना न विचारता तोटी बसवली. साहेबाले जाळलं, स्वतः जळला. इंजनाले विचारून हात लावत जा, बाप्पा." सांगता सांगता त्याचे डोळे भरत, आणि ते खरे भरत. खोटं पुष्कळदा सांगितलं की त्याचंही दुःख होतं माणसाला. मंगला त्याच्या मांडीवर बसून हे ऐकतच मोठी झाली. कमल आत भाकऱ्या थापत असे. ती त्याचं अन्न खात होती, तिची पोर त्याच्या दुधावर पोसली जात होती, आणि वखारीत खाली पाहिल्यापासून तिची मान वर झालीच नव्हती.

मंगला लग्नाची झाली. सावद्याहून एक चांगलं स्थळ चालून आलं. मुलगा शिक्षक, घर खाऊनपिऊन सुखी. मुलाचे वडील आणि काका ओसरीवर बसले, पोरगी पसंत पडली, सुपारी फुटायची तेवढी राहिली. तेव्हा काकाने पान चघळत विचारलं, "मिस्त्री, एक विचारतो, राग मानू नका. साहेबाले जाळलं तो शालिग्राम, त्याचीच ना ही पोरगी? आमच्याकडे लोक बोलतात. असलं बेजबाबदार रक्त..."

कौतिकने हात जोडले. "तो तसाच होता, भाऊ. माह्याच पोटचा, पण खरं ते सांगावं लागते. पोरगी मात्र त्याच्यावर गेली नाही. माह्यावर गेली."

आतली भाकरी तव्यावर जळली. कमल पदर डोक्यावर घेऊन ओसरीवर आली. पाहुण्यांसमोर सासऱ्याच्या पुढे ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली, आणि मान वर करून बोलली.

"मामाजी, पुरे झालं. तोटी तुम्ही करवून घेतली. भोक तुम्ही पाडून आणलं. त्यांनी मले सांगितलं होतं. मरताना ते तुमच्या तोंडाकडे पाहात होते, अन् तुम्ही गप बसले."

पाहुणे उठले. जी सून बाहेरच्या माणसांसमोर सासऱ्याला खुनी म्हणते, त्या घरची पोर त्यांना नको होती. यात कोण खरं हे विचारायलाही ते थांबले नाहीत. चपला घालून गेले. ओसरीवर तिघं उरली.

मंगला उंबऱ्यात उभी होती, नव्या लुगड्यात. ती आईकडे गेली नाही. कौतिकच्या समोर येऊन बसली. "आबा, आई काय म्हणते? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तेच मी खरं मानीन."

कौतिकला घाम फुटला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी असं थेट विचारलं नव्हतं. वखारीत फौजदाराने विचारलं होतं ते लेकाला. त्याला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. मेलेल्या पोराचं नाव सुटेल; आपलं तरी आता काय उरलं आहे? मग त्याने मंगलाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे माया होती, भरलेली, काठोकाठ, आणि ती जाणार हे त्याला दिसलं. देण्याची वेळ आली की त्याचा हात नेहमी जिथे थांबे, तिथेच थांबला.

"तुही आई दुःखानं भ्रमिष्ट झाली, बेटा," तो म्हणाला. "नवऱ्यावरचं बालंट तिले सोसवत नाही. मी कसा करीन असं? माह्या पोटच्या पोराले?"

मंगला उठली आणि आईकडे वळली. "इतकी वर्षं तू गप्प बसलीस, आणि आज माझं लग्न ठरताना हे सुचलं तुला? ज्या माणसाने आपल्याला घास घास भरवला, त्याच्या तोंडाला काळं फासतेस?"

कमलने उत्तर द्यायला ओठ हलवले. मुलीसाठीच ती गप्प बसली होती. पण हे ज्या मुलीला सांगायचं, तिने पाठ फिरवली होती. ती आजाजवळ बसून त्याचा घाम पदराने पुसत होती.

"आबा, पाणी देऊ?"

"दे, बेटा," कौतिक म्हणाला, आणि भांडं भरून प्यायला.